सहलसूत्रधार

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात एक सहलसूत्रधार असतोच. त्याला कोणी नेमत नाही आणि काढूही शकत नाही. वय पन्नाशीच्या थोडे पुढे, नोकरी संगणकाची, गाडी आठ सीटची, आणि कमरेला एक छोटी पिशवी. या पिशवीत सगळ्यांचे पासपोर्ट, दोन पॉवर बँका, क्रोसिनची पट्टी आणि लवंगांची डबी असते. नात्याने तो कोणाचा भावोजी, कोणाचा काका आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासू-सासऱ्यांचा जावई. स्वभावाने वाईट नाही. मात्र त्याच्या लेखी जगातल्या गोष्टी दोनच प्रकारच्या असतात: वसूल झालेल्या आणि वसूल व्हायच्या राहिलेल्या.

हॉटेलात नाश्ता फुकट असेल तर तो माणशी दोन केळी उचलून पिशवीत टाकतो आणि म्हणतो, ‘नाश्ता वसूल.’ खोलीत छोटा फ्रीज असेल तर त्यात ठेवण्यासारखे काही नसतानाही तो पाण्याच्या बाटल्या ठेवतो, कारण फ्रीज वसूल व्हायला हवा. पोहण्याच्या तलावात रात्री साडेनऊला, पाट्या वाचत बंद व्हायच्या वेळेची खात्री करून, तो मुलांना दहा मिनिटे बुचकळून काढतो. मुलांना झोप आलेली असते. तलाव वसूल होतो.

हा माणूस पूर्ण बहरात पाहायचा तर फ्लोरिडाच्या सहलीत पाहावा. ऑरलँडोची डिस्नेनगरी आणि तिथून गाडीने तासाभरावरच्या केप कॅनाव्हरलचे अग्निबाणाचे उड्डाण, हे एका दगडात दोन पक्षी मारण्याचे त्याचे आवडते ठिकाण.

हे दोन पक्षी एकाच झाडावर कसे आले, हे तो गाडी चालवताना सांगतो, आणि सांगतो ते खरे असते. वॉल्ट डिस्नेने २२ नोव्हेंबर १९६३ ला विमानातून मध्य फ्लोरिडाची दलदल आणि तिथे एकमेकांना छेदणारे महामार्ग पाहिले आणि ऑरलँडोची जागा पक्की केली. त्याच दिवशी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली आणि आठवड्याभरात किनाऱ्यावरच्या उड्डाणकेंद्राला त्यांचे नाव मिळाले. पुढे डिस्नेच्या माणसांनी भलत्याच नावांच्या कंपन्या काढून सुमारे २७ हजार एकर जमीन गुपचूप गोळा केली, सुमारे ५० लाख डॉलरांत. वॉल्ट डिसेंबर १९६६ मध्ये गेला. मॅजिक किंगडमचे दरवाजे उघडले ते १ ऑक्टोबर १९७१ ला, त्याचा भाऊ रॉय याच्या देखरेखीखाली. तोवर शेजारच्या किनाऱ्यावरून माणसे चंद्रावर जाऊनही आली होती. या इतिहासातला सूत्रधाराचा आवडता भाग जमिनीचा. ‘एकरी दोनशे डॉलरच्या आत!’ असे म्हणून तो आरशातून मागे बघतो. ‘याला म्हणतात वसूल.’ मागे सगळे झोपलेले असतात.

सहलीची तारीख ठरते ती वाढदिवसांवरून. डिस्नेत तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि दहा वर्षे पूर्ण झाली की मोठ्या माणसाचे तिकीट लागते. त्यामुळे मेव्हणीच्या धाकटीला तीन आणि भाच्याला दहा पूर्ण व्हायच्या आत सहल उरकावी लागते. हे बाळ या जमाखर्चात हातभार लावील अशा बेताने जन्मले नाही, याबद्दल तो अजून अधूनमधून हळहळतो. तारीख ठरली की एक्सेल शीट उघडते. उभ्या रकान्यांत माणसे, आडव्या ओळींत राइड, आणि तळाशी एक आकडा, ‘राइडमागे माणशी’. पुढचे सात दिवस सगळ्यांचे आयुष्य या आकड्याभोवती फिरते.

मग रांगांचा बंदोबस्त. इथे सूत्रधाराची गाठ त्याच्याहून पोचलेल्याशी पडते, आणि ही गोष्ट त्याच्या लक्षात येत नाही हेच या सहलीतले खरे कारुण्य. उद्यानाने आधी रांग निर्माण केली आणि नंतर ती चुकवण्याचा हक्क विकायला काढला. १९९९ साली फास्टपास नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा ती फुकट होती. यंत्रात तिकीट सरकवायचे, वेळ छापून यायची, त्या वेळी यायचे. वीसेक वर्षांनी ती सोय बंद झाली आणि तिच्या जागी आलेल्या लायटनिंग लेनला पैसे पडू लागले. सूत्रधार एकेकाळी, लग्नानंतर नवा नवा, फुकटच्या चिठ्ठ्यांवर एका दिवसात अख्खे उद्यान पालथे घालून आलेला असतो. तो पराक्रम तो पानिपतातून जिवंत परतलेल्याच्या थाटात सांगतो. आता मात्र सकाळी सातच्या ठोक्याला, आंघोळीआधी, दोन फोन आणि एक लॅपटॉप पुढ्यात घेऊन तो बसलेला असतो. बायको चहा ठेवून जाते. सात वाजून चार मिनिटांनी न्हाणीघराच्या दारावर थाप पडते: ‘मिळालं! दुपारी सव्वादोनचं मिळालं!’ आत सासरे असतात.

उद्यानात गर्दी किती असते, हे जून महिन्यात किंवा नाताळच्या आठवड्यात तिथे गेलेल्यांना सांगायला नको आणि न गेलेल्यांना सांगून पटणार नाही. गाडी लावल्यावर आधी बस किंवा ट्राम, मग तपासणी, मग तळे ओलांडायला बोट किंवा मोनोरेल, आणि मग दार. इथवर यायला तासभर जातो आणि तळाच्या आकड्याला भागायला अजून एकही राइड नसते. सूत्रधार अस्वस्थ होतो. तो मोनोरेललाच राइड धरतो.

स्पेस माउंटन हा १९७५ पासूनचा अंधारातला पाळणा. बाहेर पाटी ७५ मिनिटे दाखवते, आत फेरी अडीचएक मिनिटांची. वेग जेमतेम ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे ज्या गाडीतून ही मंडळी आली तिच्या निम्म्याहून कमी. अंधारामुळे तो जिवावर बेतेलसा वाटतो. बाहेर आल्यावर भाचा थरथरत असतो, मेव्हणा ‘भावोजी, कमाल!’ म्हणत असतो आणि सूत्रधार बाकावर बसून शीटमध्ये नोंद करत असतो. ‘आत्ताचा भाव माणशी चाळीस,’ तो जाहीर करतो. जेवणापर्यंत तो बत्तीसवर उतरतो. पंचविसाच्या खाली आल्याशिवाय कोणालाही बसायला मिळत नाही.

जेवण घरचे. उद्यानात बाहेरचे खाणे नेता येते, मात्र काचेचे भांडे चालत नाही, हा नियम सूत्रधाराला आपल्या नावासारखा पाठ. सावलीतल्या बाकावर फॉइल उलगडते: मेथीचे ठेपले, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी, आणि स्टीलच्या डब्यात दडपे पोहे, ज्यांतला कांदा एव्हाना मऊ पडलेला असतो. लांब वाकड्या चोचीचा एक पांढरा आयबिस हळूहळू, जणू त्याला काही नकोच आहे अशा चालीने जवळ येतो आणि भाच्याच्या हातातला ठेपला नेतो. भाचा रडतो. सूत्रधार खाण्याच्या दुकानातून बर्फाच्या पाण्याचे सात पेले आणतो, जे मागितल्यावर फुकट मिळतात, आणि पुन्हा सात आणतो. शेजारच्या बाकावर एक कुटुंब टर्कीची भाजलेली तंगडी खात असते. तिची किंमत काय असेल, हे तो सगळ्यांना मराठीत आणि मोठ्याने सांगतो.

तीनच्या सुमारास आभाळ भरते. फ्लोरिडात उन्हाळ्यात बहुतेक दुपारी हे होतेच. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. हा प्रसंग सूत्रधाराच्या दिवसाचा कळस. कमरेच्या पिशवीतून डॉलरच्या दुकानातले प्लॅस्टिकचे सात रेनकोट निघतात, घडीही न मोडलेले. आजूबाजूचे लोक उद्यानातल्या दुकानातून त्याच्या कैक पट भावाने तेच घेताना पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते कोणत्याही राइडने पसरत नाही. रेनकोट वसूल, आणि पाऊसही.

संध्याकाळी आकडा खाली येईना की तो सगळ्यांना ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’कडे वळवतो. न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेल्या मूळ खेळाची ही आवृत्ती. बोटीत बसायचे आणि देशोदेशीच्या बाहुल्या एकच गाणे गाताना पाहायच्या. रांग लहान, थंड हवा, म्हणून भाग देणारी संख्या वाढवायला अगदी सोयीची. सासूबाई पहिल्यांदा खूश असतात. दुसऱ्यांदा गप्प असतात. तिसऱ्या फेरीला बोट सुटताना त्या म्हणतात, ‘जावईबापू, त्या बाहुल्या मला आता ओळखायला लागल्यात हो.’ पण आकडा चोविसावर येतो.

रात्रीची आतषबाजी छापलेल्या वेळेला, मिनिट न चुकता. सूत्रधाराला असे जग आवडते. किती थांबायचे याची पाटी आहे, किती पैसे पडले याची पावती आहे, आणि परी ठरल्या वेळी किल्ल्यावरून उडते.

केनेडी केंद्र या सवयीला पहिला धक्का देते. आडवा ठेवलेला सॅटर्न पाच अग्निबाण, सुमारे १११ मीटर लांब, त्याच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येते. ३३ वेळा अवकाशात जाऊन आलेले अटलांटिस यान, त्याच्या पोटाखालच्या फरशा परतीच्या आगीने काळवंडलेल्या. हे बघायला लोक थांबतात, आणि थांबण्याला शीटमध्ये रकाना नाही. सूत्रधार बसच्या फेरीला राइड धरून वेळ मारून नेतो. पण बाहेरच्या मोठ्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीपाशी, जिथे कामगिरीत प्राण गमावलेल्या अंतराळवीरांची नावे आरपार कोरली आहेत, सासरे कल्पना चावलाचे नाव शोधत उभे राहतात. तिचे यान कोलंबिया इथूनच १६ जानेवारी २००३ ला गेले आणि १ फेब्रुवारीला परतताना तुटले. सासऱ्यांना बराच वेळ लागतो. पुढचा चित्रपट सुरू व्हायला चार मिनिटे उरलेली असतात, हे सूत्रधाराला माहीत असते, आणि तो ते बोलत नाही. त्याच्या खात्यावर ही एक गोष्ट जमा धरायला हवी.

राहिले उड्डाण. सूत्रधाराचा हिशेब वरवर बिनचूक असतो. २०२४ मध्ये या किनाऱ्यावरून नव्वदहून जास्त उड्डाणे झाली, म्हणजे आठवडाभर मुक्काम केला की एक तरी पदरात पडणारच. शिवाय ते किनाऱ्यावरून फुकट दिसते. फुकट गोष्टीला राइडमागे खर्च शून्य, म्हणजे एकूण सरासरी धाडकन खाली. उड्डाणे मात्र सरासरीवर होत नाहीत, ज्या दिवशी व्हायची त्या दिवशी होतात. आर्टेमिस एकने २९ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबर २०२२ ला जमलेले लोक परत पाठवले, एकदा एंजिन पुरेसे थंड होईना म्हणून आणि एकदा हायड्रोजन गळला म्हणून. ते गेले शेवटी १६ नोव्हेंबरला, मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमारास. २७ मे २०२० ला दोन अंतराळवीर आत बसलेले असताना, सतरा मिनिटे उरली असता, ढगांमुळे बेत रद्द झाला. दुपारी राइड थांबवते तीच वीज इथे अग्निबाण थांबवते. फरक इतकाच, की इथे रेनकोट काढून मिरवता येत नाही.

जून २०२५ चे उदाहरण मराठी मंडळींच्या आठवणीतले आहे. शुभांशू शुक्ला अॅक्सिअम चार मोहिमेवर निघाले होते. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी भारतीय नागरिक पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जाणार, तेही आपल्या सहलीच्या आठवड्यात, हे पाहून कित्येक सूत्रधारांनी शीटमध्ये ती ओळ केशरी रंगाने भरली असेल. १० जूनची सकाळ ८ वाजून २२ मिनिटे ठरली. वरच्या हवेत वारा फार. ११ जून, सकाळी ८. द्रवरूप ऑक्सिजनची गळती. मग अवकाशस्थानकाच्या रशियन भागातल्या दुरुस्तीची तपासणी, मग १९, मग २२. ज्यांची रजा १३ तारखेला संपत होती त्यांनी काय करावे?

वेळ बदलण्यामागचे कारण सोपे आहे, पण सासूबाईंना ते पटवून देणे सोपे नाही. स्थानक ज्या प्रतलात पृथ्वीभोवती फिरते त्या प्रतलाखाली उड्डाणाची जागा आली की त्याच क्षणी निघावे लागते, कारण पुढेमागे व्हायला इंधन पुरत नाही. आणि हा क्षण रोज वीस-पंचवीस मिनिटे अलीकडे सरकतो. म्हणून १० जूनचे ८ वाजून २२ मिनिटे ११ ला ८ झाले, आणि २५ जूनला प्रत्यक्ष उड्डाण झाले तेव्हा पहाटेचे २ वाजून ३१ मिनिटे. ‘लग्नाचा मुहूर्तसुद्धा भटजी पाच-दहा मिनिटं सांभाळून घेतात,’ सासूबाई म्हणतात. ‘आई, इथे भटजी कॉम्प्युटर आहे,’ सूत्रधार म्हणतो. ‘मग दक्षिणा कमी पडली असेल.’

उड्डाण रद्द झाल्याच्या रात्री तो जवळच्या टायटसव्हिल गावातल्या हॉटेलात शीट उघडतो. जादा मुक्काम, टोल, पेट्रोल, विमानाचे तिकीट बदलल्याचा दंड, सगळे मांडून त्याला पाहिलेल्या उड्डाणांनी भागायचे असते, आणि पाहिलेली उड्डाणे शून्य. शून्याने भागता येत नाही असा शेरा त्या चौकटीत उमटतो. वीस वर्षे संगणकात घालवलेला माणूस तिच्याकडे बराच वेळ बघतो, मग सूत्र बदलून बघतो. शेरा तोच. बायको म्हणते, ‘अहो, झोपा आता.’

पुढच्या उड्डाणाला, ते कोणाचेही असो, मंडळी पुन्हा निघतात. इंडियन नदीच्या काठी, टायटसव्हिलच्या पुलाजवळ, आधीच घड्या घालायच्या खुर्च्यांची गर्दी. डास, कॉफीचे थर्मास, तिपायांवर कॅमेरे, कुणाच्या तरी रेडिओवर उलटी गणती. तक्रार करणारे फारसे कोणी नसते, कारण तक्रार करायला खिडकीच नसते. अंधारात पाण्यापलीकडे दूरवर दिव्यांचा एक ठिपका दिसतो, आणि इथे सूत्रधार, कोणी विचारले नसताना, वसुलीशिवायचे काही बोलतो. ३९-अ नावाच्या त्या चौथऱ्यावरून १६ जुलै १९६९ ला अपोलो अकरा गेले. तिथूनच १४ मे १९७३ ला स्कायलॅब नावाची अवकाश-प्रयोगशाळा गेली. आणि तीच स्कायलॅब जुलै १९७९ मध्ये खाली येणार म्हणून भारतभर घबराट होती, तेव्हा तो सात वर्षांचा, जिल्ह्याच्या गावी, शाळेतून घरी येताना वर बघत चालत होता. आजी म्हणाली होती, डोक्यावर पाटी धर. स्कायलॅब पडली ऑस्ट्रेलियाकडे आणि हिंदी महासागरात. ‘मला वाईट वाटलं होतं,’ तो म्हणतो. ‘आमच्या वाड्याच्या परसात एखादा तुकडा पडेल असं वाटत होतं.’ भाचा विचारतो, ‘काका, पडला असता तर विकला असता का?’ सूत्रधार म्हणतो, ‘नाही रे.’ या उत्तरावर घरातल्या कोणाचाही विश्वास बसत नाही.

आधी उजेड येतो. नदी नारिंगी होते, माशांनी उड्या माराव्यात तशी माणसे खुर्च्यांतून उठतात, आणि आवाज काहीच नाही. किलोमीटरला साधारण तीन सेकंद या हिशेबाने तो एकोणीस किलोमीटरवरून यायला मिनिटभर घेतो. सूत्रधार मोठ्याने सेकंद मोजत असतो, धाकटीच्या कानांवर दोन्ही तळवे दाबून, तोंड तिच्याकडे आणि पाठ अर्धी नदीकडे. पन्नास, एक्कावन्न. मग तो आवाज छातीत येतो, कानात नंतर. खालचा टप्पा किनाऱ्यावर परतणार असेल तर सात-आठ मिनिटांनी धडाका होतो. त्याला तो दुसरी राइड धरतो, हे खरे, पण शीटमध्ये लिहायला फोन काढत नाही. दोन्ही हात गुंतलेले असतात.

‘याचं तिकीट किती होतं?’ सासूबाई विचारतात.

‘फुकट, आई.’

‘फुकट? मग बसा की अजून थोडा वेळ.’

गर्दी तासभर पुलावर अडकते. घरी परतल्यावर आठवड्याभरात व्हॉट्सअॅप ग्रुपवर हिशेब येतो, सेंटापर्यंत चोख. मेव्हणी, जिने सहलीत एकदाही शीट उघडून पाहिली नव्हती, ती आता आपली बाजू तपासायला उघडते. भाच्याच्या रकान्यात चौदा राइड. मेव्हण्याच्या बारा. सूत्रधाराच्या नावापुढे बोट, तीन वेळा, मोनोरेल आणि बस. बाकी ओळींत तो बॅगा, बाबागाडी आणि सासऱ्यांची चप्पल सांभाळत बाहेर होता. तळाला त्याचा राइडमागे आकडा सगळ्यांत मोठा आहे, आणि तो रकाना त्याने शाई फिकट करून जवळजवळ दिसणार नाही असा ठेवलेला आहे. ‘भावोजी, तुमचं काही वसूल नाही झालं,’ असे ती ग्रुपवर लिहिते. मेव्हणा त्याखाली हात जोडलेले चिन्ह टाकतो.

सूत्रधाराचे उत्तर दोन मिनिटांत येते. टोलचे बावीस डॉलर मांडायचे राहिले होते, बाळ सोडून माणशी तीन डॉलर चौदा सेंट, शनिवारपर्यंत पाठवावेत. वरचे दोन सेंट त्याने आपल्या अंगावर घेतलेले असतात.